गुळाचे बोट

रविवारची वंदना आटोपली होती. आम्ही विहारातल्या सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक भगिनी साडेचार वर्षांच्या पोराला दंडाला धरून ओढत आली आणि म्हणाली, "जयभीम भाऊ. याला बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभा करा आणि विचारा, गूळ कोणी खाल्ला."

हकीगत अशी. डब्यातला गुळाचा खडा नाहीसा झाला होता. आईने विचारले तर पोरगे म्हणाले, बाळाने खाल्ला. बाळ म्हणजे त्याची आठ महिन्यांची बहीण, झोळीत झोपलेली. आईने वाकून पाहिले तर खरेच, त्या तान्हीच्या ओठांना गूळ लागलेला! पोराने खाऊन झाल्यावर चिकट बोट बहिणीच्या तोंडाला पुसले होते. स्वतःचे तोंड पुसायचे तेवढे राहिले, म्हणून सापडला.

मागून बापही आला. "आत्ताच असा, तर मोठेपणी काय करंल?" म्हणून त्याचा हात शिवशिवत होता. आजी पायरीवर बसून हसत होती. म्हणे, "लई डोक्याचं हाय पोरगं." आई मात्र रडवेली. "रोज दिवेलागणीला पंचशील म्हणतो भाऊ, एक शब्द चुकत नाही. चौथं शील काय नुसतं पाठ करायला हाय का?"

आम्ही पोराला जवळ घेतले आणि विचारले, बाळाच्या तोंडाला गूळ का लावलास रे? पोरगे खाली मान घालून म्हणाले, "आई बघंल ना."

वाचकहो, या तीन शब्दांवर आम्ही आठवडाभर विचार करीत होतो. आई काय बघेल, बघून तिला काय वाटेल, तिला तसे वाटले की आपल्यावरचा आळ कसा टळेल, इतका हिशेब त्या एवढ्याशा डोक्यात झाला होता. वर्षामागे हेच पोर लपंडाव खेळताना दाराच्या पडद्यात तोंड खुपसून उभे राहायचे. पाय गुडघ्यापर्यंत उघडे. आपल्याला कोणी दिसत नाही म्हणजे आपणही कोणाला दिसत नाही, अशी त्याची समजूत. आता त्याला कळले आहे की आईचे डोळे वेगळे, आईचे मन वेगळे, आणि जे आपल्याला ठाऊक आहे ते आईला ठाऊक नसू शकते.

हे कधी कळते, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला आहे. ऑस्ट्रियातल्या हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या दोघांनी १९८३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना बाहुल्यांच्या साहाय्याने गोष्ट सांगायची. माक्सी नावाचा मुलगा आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. माक्सी परत आला, आता तो चॉकलेट कुठे शोधेल? आपण मोठी माणसे लगेच सांगू की पहिल्या कपाटात, कारण आईने हलवले हे त्याला कुठे ठाऊक आहे! पण तीन वर्षांची मुले दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतात. आपल्याला ठाऊक आहे ते माक्सीलाही ठाऊक असणारच, असे त्यांना वाटते. चौथ्या-पाचव्या वर्षापासून उत्तर बरोबर येऊ लागते. गंमत पुढे आहे. ज्या मुलांचे उत्तर बरोबर आले त्यांना विचारले, चॉकलेटवर डोळा असलेल्याला चकवायचे असेल तर माक्सी काय सांगेल? त्यातल्या बहुतेकांनी थाप बरोबर रचून दाखवली.

आम्हाला राहवले नाही. पुढच्या रविवारी संस्कारवर्गाच्या पोरांना गोलात बसवून आम्ही चॉकलेटऐवजी पेरू घेतला आणि कपाटांऐवजी दोन टोपल्या. शेजारची तीन वर्षांची चिमुरडी छातीठोकपणे नव्या टोपलीकडे बोट करून मोकळी झाली. गुळवाला पठ्ठ्या मात्र जुन्या टोपलीकडे बघून खुदकन हसला. तो का हसला ते त्याचे त्यालाच ठाऊक, पण आम्हाला आजीचे बोलणे आठवले. पेरू शेवटी त्या चिमुरडीने खाल्ला.

चीनमधले एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलांबरोबर एक खेळ. मुलाने खाऊ लपवायचा, मोठ्या माणसाने विचारायचे की कुठे आहे. खरे सांगितले तर खाऊ मोठ्या माणसाचा. ही मुले इतकी निर्मळ की दर वेळी खरे सांगत आणि खाऊ घालवून बसत. मग काही मुलांना काही दिवस सराव दिला. खोटे बोलायचा नव्हे, तर दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, एवढे ओळखण्याचा. सरावानंतर हीच मुले खेळात चकवू लागली! खोटे बोलायला त्यांना कोणी शिकवले नव्हते. मन ओळखायला शिकवले, थाप आपोआप आली.

म्हणजे आजीचेही खरे आणि आईचेही खरे. पोर शहाणे झाले आहे आणि ज्या वाटेने शहाणपण आले त्याच वाटेने लबाडीही घरात शिरली आहे. ही वाट बंद करता येत नाही. रडणाऱ्या बहिणीला काय हवे हे ज्या बुद्धीने त्याला उद्या कळायचे आहे, तीच ही बुद्धी. बापाला आम्ही एवढेच म्हणालो की, बाबा रे, मारलेस तर पुढच्या खेपेला ते स्वतःचे तोंडही पुसून येईल.

मग करायचे काय? आम्हाला राहुलाची गोष्ट आठवली. मज्झिम निकायातले अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. भगवान त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी राहू दिले. ते दाखवून म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणत्व एवढेसेच. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवले. दर वेळी तोच बोध. पुढे विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? तो म्हणाला, बघण्यासाठी. तसेच कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघत जा. यातून मला किंवा दुसऱ्याला पीडा तर होत नाही ना? झाली असेल तर जाणत्या माणसापाशी उघडपणे सांगून टाक.

सात वर्षांच्या पोराला ना मार, ना नरकाची भीती. हातातले भांडे दाखवून शिकवले. आणि आरसा दिला, म्हणजे दुसऱ्याच्या मनात डोकावायला शिकलेले पोर स्वतःच्या मनातही डोकावेल. सम्राट अशोकाला हा उपदेश इतका मोलाचा वाटला की राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात त्याने सात धम्मग्रंथांची नावे कोरवली आहेत, त्यात खोट्याविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचे नाव आहे. भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी हे वारंवार ऐकावे, असे तो सांगतो. तो शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. आमच्या आयाबहिणींनी घरी एकदा तांब्यातले पाणी घेऊन ही गोष्ट करून दाखवावी. मुले भांड्याकडे फार लक्ष देऊन बघतात.

इथे आमचा लेख संपायला हरकत नव्हती. पण त्या गुळाच्या बोटाने आम्हाला दुसरेच एक बोट आठवले आणि ते आमच्या तोंडाला लागलेले होते.

२०१९ च्या पावसाळ्यात वस्तीत एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, निळा रुमाल, पाकिटात बाबासाहेबांचा छोटा फोटो. आल्या आल्या विहारात जाऊन वंदन केले. धंद्यासाठी कर्ज मिळवून देणाऱ्या योजनेचे फॉर्म आहेत, आपल्या लोकांना कोणी माहितीच देत नाही, फॉर्म फी फक्त ५०० रुपये. बोलता बोलता बुवाबाजीवर त्यांनी असे कोरडे ओढले की आमच्या तरुणांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या मावशीला म्हणाले, "आई, तुमच्या मनात लेकाच्या कामाची काळजी आहे." मावशी थक्क! आता आमच्या वस्तीत अशी कोणती म्हातारी आहे की जिच्या मनात लेकाच्या कामाची काळजी नाही? पण ऐकताना आमच्याही अंगावर काटा आला होता, हे कबूल करतो.

३७ घरांनी पैसे दिले. ३७ गुणिले ५०० म्हणजे १८,५०० रुपये. कोणी धुण्याभांड्याच्या पगारातून दिले, कोणी उसने काढून. आणि वाचकहो, ते फॉर्म कोणी भरले? आम्ही. बी.कॉम. झालेले, कचेरीत रोज दुसऱ्यांच्या पावत्या तपासणारे आम्ही विहारात बसून रात्री अकरापर्यंत सुवाच्य अक्षरात ३७ फॉर्म भरीत होतो. आमचे अक्षर बघून ज्यांना शंका होती त्यांनीही पैसे काढले. गृहस्थ गेले ते गेलेच. फोन लागेना. सांगितलेल्या पत्त्यावर गेलो तर तिथे गिरणी, पिठाची.

आम्ही फसलो कसे, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती आम्हाला आजही टोचते. १९९५ च्या सप्टेंबरात गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमच्या वस्तीने त्या रांगांना हसून घेतले. आम्ही बुवाला, ताईताला, अंगाऱ्याला फसत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावाही. त्या माणसाने नेमका हा अभिमान वाचला. कपाळाला भस्म लावून आला असता तर पोरांनी त्याला वेशीपर्यंत पोचवले असते. म्हणून तो जयभीम म्हणत आला. आम्ही शंका कुठे घेतो आणि कुठे घेत नाही, हे त्याने आमच्या आधी ओळखले होते. गुळवाल्या पोराने आईची नजर ओळखली, त्याने आमची.

केवट्ट सुत्तात एक मार्मिक प्रसंग आहे. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ भगवंतांना विनवतो की, भिक्खूंना चमत्कार दाखवायला सांगा, म्हणजे नालंदेतले लोक अधिक श्रद्धाळू होतील. दुसऱ्याच्या मनातले ओळखून सांगणे हाही त्यातलाच एक चमत्कार. भगवान म्हणतात, एखादा श्रद्धावान तसे पाहून भारावेल, पण ज्याची श्रद्धा नाही तो म्हणेल, ही तर मणिका नावाची विद्या आहे, तिच्या जोरावर कोणीही सांगेल. म्हणून अशा चमत्काराची मला लाज वाटते, किळस येते. खरा चमत्कार एकच, शिकवण. म्हणजे मनकवडेपणा दाखवून माणसे जिंकता येतात आणि शंका घेणारा तिथेच "यात काही युक्ती आहे" म्हणतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. आमच्या मावशीजवळ असा एखादा शंका घेणारा बसलेला असता तर! तिच्या शेजारी आम्ही बसलो होतो, हातात पेन घेऊन.

आता या प्रकरणाचा दुसरा अंक. फसवणुकीपेक्षा त्याने आमचे अधिक नुकसान केले.

पुढच्याच वर्षाच्या आरंभी एक शिक्षिका वस्तीत आल्या. खऱ्याखुऱ्या शिक्षिका, मुलांना शिकवणाऱ्या. मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला आणि पासबुकाची झेरॉक्स मागत होत्या, पैसा एक मागत नव्हत्या. वस्तीने त्यांना दारात उभे केले नाही. "आधी एक आला होता ना फॉर्मवाला!" आम्ही दोन घरी समजावायला गेलो तर एक बापई म्हणाला, "भाऊ, त्या टायमालाबी तुमीच लिहून देत होता." यावर आमच्याकडे काय उत्तर होते? मुदत निघून गेली. दोन मुलींची त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली. त्यातली एक त्या १८,५०० वाल्या घरातलीच. आधी ५०० गेले, मग शिष्यवृत्तीही गेली.

आधी सगळ्यांवर विश्वास, मग कोणावरच नाही. दोन्ही वेळा समोरच्या माणसाला नीट पाहिले कोणी? आम्हाला वाटते, दोन्ही वेळा तपासायचे कष्ट तेवढे वाचवले.

केसपुत्त गावच्या कालामांची तक्रार अशीच होती. श्रमण-ब्राह्मण गावात येतात, आपापले मत थोर सांगतात, दुसऱ्याच्या मतावर थुंकतात, आम्ही कोणाचे खरे मानावे? भगवान त्यांना म्हणाले, तुम्हाला शंका आली हे योग्यच आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, बोलणारा भला दिसतो म्हणून मानू नका. इथवर आमच्या सभांत सगळेच सांगतात. पण सुत्त इथे थांबत नाही. पुढे भगवान कालामांनाच उलट प्रश्न विचारतात. लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? कालाम स्वतः उत्तरे देतात. म्हणजे कोणावरच विश्वास ठेवू नका असे सांगितलेले नाही. तपासा, आणि टिकले तर त्याप्रमाणे चाला, असे सांगितले आहे. तो गृहस्थ आला तेव्हा आम्ही "बोलणारा भला दिसतो" एवढ्यावर अडलो. शिक्षिका आल्या तेव्हा पुढच्या प्रश्नांपर्यंत गेलोच नाही.

तपासायचे कसे, याबद्दलही मुलांकडून थोडे शिकता येते. अमेरिकेतले एक संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलांना एक माणूस तोंडाने सांगतो की, बक्षीस या पेल्याखाली आहे, आणि दर वेळी खोटे सांगतो. मुले पुन्हा पुन्हा फसतात, तरी त्याचे ऐकत राहतात. तोच माणूस बोलण्याऐवजी पेल्यावर बाणाची खूण ठेवू लागला, तर मुलांना ती खूण खोटी आहे हे लवकर उमगते. तेच खोटे, पण माणसाच्या तोंडून आले की त्याचे वजन वाढते.

आम्ही मोठे झालो तरी हे पुरते सुटत नाही. "बँकेतून बोलतोय" असा आवाज फोनवर आला की पदवीधर माणूससुद्धा ओटीपी सांगून बसतो. तोच मजकूर कागदावर लिहून दिला तर दहा वेळा उलटसुलट करून बघेल. म्हणून आमच्या भगिनींना आमचे सांगणे असे की, आवाज कितीही गोड असो, जयभीम म्हणणारा असो की नमस्कार म्हणणारा, "बरं, लिहून द्या" म्हणायला शिका. फोन असेल तर ठेवून द्या आणि पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः लावा. पैसे घेणाऱ्याकडून पावती, पावतीवर नाव, पत्ता, सही, आणि पत्त्यावर आधी एक चक्कर. माणूस खरा असेल तर तो थांबतो. शिक्षिका थांबायला तयार होत्या, दोनदा आल्या होत्या. आमच्या कचेरीत ऑडिट येते तेव्हा तपासनीस साहेबांचेही व्हाऊचर मागतो आणि साहेब निमूट काढून देतात, त्यात कोणाचा अपमान होत नाही. वस्तीत मात्र पावती मागितली की "माझ्यावर विश्वास नाही का?" असे ऐकू येते. घरात पोराने "कशावरून?" विचारले तर फटका मिळतो. ज्या वयात पोर थाप मारायला शिकते त्याच सुमाराला ते कोणाचे ऐकावे हेही पारखू लागते. रोजच्या वस्तूंना चुकीची नावे देणाऱ्या माणसाला सोडून बरोबर नावे देणाऱ्याला विचारावे, हे चार वर्षांच्या मुलांना कळते, असे २००४ सालचा एक प्रयोग सांगतो. गुळवाल्याच्या आईला आम्ही म्हणालो, याची थाप पकड, पण याने तुझी पकडली तर रागावू नकोस.

हे तिने जरा जास्तच मनावर घेतलेले दिसते. परवा संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन विहारात आली आणि चारचौघांत म्हणाली, "भाऊ, १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावा की. सगळ्यांनी दिलीय." क्षणभर आमचे कान तापले. इतकी वर्षे आम्ही वही सांभाळतो, एक रुपया कधी इकडचा तिकडे नाही, आणि ही काल आलेली सून आम्हाला हिशेब मागते! मग कपाटातून वही काढली. रात्री जमाखर्च मांडायला बसलो. सगळे जुळले, फक्त मंडपवाल्याला वरून दिलेल्या २४० रुपयांची पावती सापडेना. फळ्यावर त्या रकमेपुढे "पावती नाही" असे लिहून खाली सही केली आहे. सकाळी गुळवाला त्या फळ्यापुढे उभा राहून खडूच्या अक्षरांवरून बोट फिरवीत होता. मंडपवाला कामानिमित्त गावी गेला आहे, रविवारी येईल म्हणतात.